तीन दिवस डोकवायचं नाही

लता घाडींच्या घरी मुलगा दारातून कमी आणि कॉम्प्युटरमधून जास्त यायचा. त्या राहायच्या कांजूरमार्ग पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आणि सुयोग बोरिवलीला. अंतर काही सातासमुद्रापारचं नव्हे. पण मुंबईत पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं म्हटलं की माणूस तीनदा विचार करतो आणि मग फोनच करतो. सुयोगने फोनच्याही पुढची सोय करून ठेवली होती.

वडील गेल्यावर पंधराव्या दिवशी त्याने आईच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. तेच बोरिवलीच्या आपल्या कॉम्प्युटरवरही घातलं. "काही अडलं तर नुसता फोन कर," तो म्हणाला. "मी माझ्या घरात बसून तुझा कॉम्प्युटर चालवतो."

पहिल्यांदा पडद्यावरचा तो बाण आपल्या आपण हलायला लागला तेव्हा लताबाई पटकन खुर्चीवरून उठल्या. मुलगा कामाला आलाय आणि आपण त्याच्या जागेवर बसून राहायचं, हे त्यांना बरं वाटेना. "अगं बस ना, मी कुठे खुर्चीत बसणार आहे?" सुयोग फोनवर हसत म्हणाला. तरी पुढेही त्या उठतच राहिल्या. बाण हलला की खुर्ची मोकळी करायच्या आणि पाठीवर हात ठेवून शेजारी उभ्या राहायच्या. एकदा तर त्यांनी दोन कप चहा केला आणि मग दोन्ही स्वतःच प्यायल्या.

तेव्हा हे सगळं गोड वाटायचं. पुढे त्याचाच फास झाला.

सुयोग वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा त्याला लगेच फासावर चढवील. बाप गेल्यापासून तो आईच्या बाबतीत धास्तावला होता, एवढंच. वाणसामान तो बोरिवलीहून मागवायचा, ते दारात यायचं. भाजी दारात, औषधं दारात. लाइटबिल तोच भरायचा. वॉचमनकडे त्याचा नंबर होता, समोरच्या दीप्तीकडे होता, डॉक्टरकडे होता. दीड वर्षात घरात येणाऱ्या वस्तू वाढल्या आणि लताबाईंचं बाहेर जाणं संपलं. खाली मासळीवाली ओरडायची तेव्हा त्या खिडकीतून नुसत्या बघायच्या. पिशवी घेऊन निघाल्या की फोन यायचा, "आई, जिना उतरू नकोस, गुडघा धरेल." वॉचमन कामाला चोख होता.

चौसष्ट म्हणजे काही खाटेला खिळायचं वय नव्हे. पण रोज कोणी तुम्हाला म्हातारं म्हणत राहिलं की कंबर खरंच दुखायला लागते. लताबाईंची दुखायला लागली होती.

मार्गशीर्ष लागला आणि गावाहून धाकूभावजींचा फोन आला. धाकू म्हणजे लताबाईंच्या यजमानांचा, जयवंतचा, चुलतभाऊ. गावचं घर तोच बघायचा.

"वयनी, रामेश्वरान कौल दिल्यान," धाकू म्हणाला. "येत्या बुधवारी गाव भायर पडतलो. येतलंस मां?"

लताबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांच्या गावात गावपळण होती. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल मिळाला की अख्खा गाव घरांना कड्या घालून वेशीबाहेर जायचा. गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, सगळ्यांसकट. नदीपलीकडे झावळांच्या खोपी घालायच्या आणि तीन दिवस, तीन रात्री तिथेच राहायचं. गावात दिवा नाही, चूल नाही, माणसाचा आवाज नाही. ते तीन दिवस गाव देवाचा आणि जे कोण अदृश्य असतील त्यांचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि मगच परतायचं. एक नियम कडक होता. तीन दिवसांत कोणी मागे जाऊन गावात डोकवायचं नाही. गोठ्यात विळा राहिला असला तरी राहू द्यायचा.

लग्न होऊन आल्यावर लताबाई पाच वेळा गावपळणीला गेल्या होत्या. नदीकाठी चुली मांडायच्या, बायकांनी फुगड्या घालायच्या, म्हाताऱ्यांनी जुन्या भानगडी उकरायच्या. त्या तीन दिवसांत कोणाला घर झाडायचं नसायचं, कारण घरच नसायचं. आयुष्यभर बिऱ्हाड सांभाळलेल्या बाईला याहून मोठं सुख कोणतं? पण मागच्या दोन खेपा जयवंतच्या हृदयाच्या दुखण्यामुळे चुकल्या. "पुढच्या टायमाक दोघांव जावया," तो म्हणाला होता. पुढच्या खेपेपर्यंत तो राहिला नाही.

आता ही खेप सोडली तर आणखी तीन-चार वर्षं. तोवर आपण कुठे असू, याचा हिशेब लताबाईंनी मनाशी केला आणि धाकूला सांगितलं, "येतंय म्हणान सांग सगळ्यांका."

सुयोगला विचारलं तर तो फोनवर थंडच पडला. "आई, वेड लागलंय का? तीन रात्री झोपडीत? तुझा गुडघा, तुझं बीपी. पडलीस तर?"

"पडले तर शंभर माणसं आहेत उचलायला. इथे कोण आहे?"

"इथे मी आहे. नदीपलीकडे रेंज नाही आई, मला माहितीये. तीन दिवस तुझा पत्ता लागणार नाही मला. नाही म्हणजे नाही. मे महिन्यात आपण सगळे गाडीने जाऊ."

मे महिन्यात गावपळण नसते, हे त्या बोलल्या नाहीत. बोलून उपयोग नव्हता. सुयोगचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचा आवाज चढला नाही की त्याचं ठरलेलं असतं.

मग त्यांनी स्वतःच तिकीट काढायचं ठरवलं. जयवंतने शिकवलं होतं थोडंफार. गावच्या मुंबई मंडळाच्या सभासदांची यादी तो याच कॉम्प्युटरवर करायचा आणि लताबाई शेजारी बसून नावं सांगायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून त्या बसल्या. एकेक अक्षर शोधत अर्ध्या तासाने गाडीच्या पानावर पोचल्या. मंगळवारच्या गाडीत एक जागा शिल्लक होती. त्यांनी नाव भरलं, वय भरलं. खालचं निळं बटण दाबायला माऊस सरकवला आणि बाण उलट्या दिशेला गेला.

त्यांनी माऊस हलवून बघितला. बाण त्यांचा राहिलाच नव्हता. तो सावकाश वर गेला, कोपऱ्यातल्या फुलीवर थांबला, आणि गाडीचं पान मिटलं.

लताबाई सवयीने खुर्चीवरून उठल्या. मग फोन वाजला.

"काय करतेस आई?"

"मी बोलावल्याशिवाय येणार नाहीस म्हणाला होतास," लताबाई म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच येतो ना. मला इथे दिसतं तू काय उघडतेस ते. बरं झालं बघितलं." मग त्याने रोजचं विचारलं. "जेवलीस का?"

त्या दिवशी लताबाईंना संताप आला. मुलाने बापाच्या खुर्चीत बसावं, काही नाही. पण आपल्या हातात हात घालून आपलाच हात मागे ओढावा? त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. बाजूला ठेवलेला लग्नातला भरतकामाचा रुमाल घेतला, पूर्वी टीव्हीवर घालायच्या तो, आणि पडद्यावर, त्यावरच्या गोल कॅमेऱ्यावर नीट पसरला. आता बघ काय बघायचं ते, असं मनात म्हणाल्या. तसा रोजही काम झालं की त्या पडदा बंद करून रुमाल घालायच्याच. आज फक्त चारी कोपरे खाली दाबले.

संध्याकाळी त्यांनी समोरच्या दीप्तीला गाठलं. मुलगी चांगली होती, तिने मोबाइलवर दोन मिनिटांत मंगळवारचं तिकीट काढून दिलं. "दादांना सांगू नको हं," असं लताबाई म्हणाल्या आणि दीप्ती हसली. घरी येऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला सांगणं. घाडींच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. देव म्हणजे कॉम्प्युटरच्या टेबलावरची लाकडी फळी, कारण घरातली दुसरी भिंत मोकळी नव्हती. जयवंत होता तेव्हा रोज तिन्हीसांजेला तो फळीपुढे उभा राहून खड्या आवाजात सांगायचा आणि प्रत्येक वाक्याला घरातली सगळी "व्हय म्हाराजा" म्हणायची. सुयोग बोबडं बोलायचा तेव्हापासून म्हणायचा. गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत, मोठ्याने घालतात. आणि कोणी गाऱ्हाणं घालत असलं की मध्ये बोलायचं नसतं. शंका नाही, भांडण नाही, सल्ला नाही. म्हणायचे ते दोनच शब्द. ते आल्याशिवाय सांगणाराही पुढे जात नाही.

जयवंत गेल्यावर गाऱ्हाणं घालायला कोणी उरलं नाही, म्हणून लताबाई घालू लागल्या. पण "व्हय म्हाराजा" म्हणायला घरात दुसरं माणूस नव्हतं. त्या वाक्य संपवून दोन शब्दांएवढ्या गप्प राहायच्या आणि मग पुढे जायच्या. त्या रिकाम्या जागेची त्यांना सवय झाली होती. रोज त्या देवाला सगळं सांगायच्या. गुडघ्याचं, शेजाऱ्यांचं, सून ऋता फोनवर तुटक बोलते त्याचं. आणि रोज न चुकता एक मागणं मागायच्या, जे त्या दुसऱ्या कोणापुढे कधी बोलल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी त्यात भर घातली. दीप्तीने तिकीट काढलंय, सुयोगला न सांगता मंगळवारी निघतेय, सुखरूप पोचव, तुझ्या पायाशी पाच नारळ ठेवीन.

सोमवारी सकाळी दीप्ती दारात उभी राहिली. ती आत येईना.

"काकू, तिकीट रद्द केलं मी," ती म्हणाली. "काल दादांचा फोन आला. म्हणाले, डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय, काही झालं तर जबाबदारी तुमची. मी घाबरले हो. पण शपथ, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना आधीच माहीत होतं."

दीप्तीवर रागावण्यात अर्थ नव्हता. लताबाईंनी तिला जा म्हटलं, दार लावलं आणि बोरिवलीला फोन लावला. काय बोलायचं ते जुळवलं नव्हतं, म्हणून एवढंच निघालं, "सुयोग, असं का केलंस?"

"आई, प्लीज. भांडू नकोस." तो थकलेला वाटला. "तुला देवाचंच पडलंय ना? पाच नारळ मी धाकूकाकांना सांगून ठेवायला लावतो. मग तर झालं?"

काय निसटलं ते त्याच्या लगेच लक्षात आलं असावं. "मीटिंग आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तिकिटाचं दीप्तीला माहीत होतं. वॉचमनने काही बघितलं असेल. पण पाच नारळ त्यांनी फक्त देवाला कबूल केले होते.

त्या टेबलापाशी गेल्या आणि रुमाल उचलला. पडदा काळाच होता. पण त्यावरच्या गोल कॅमेऱ्याच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा जळत होता. टेबलाखालच्या डब्यातून बारीक घरघर येत होती. ती त्यांना दीड वर्ष फ्रिजची वाटत होती. त्यांनी पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळला आणि एका चौकटीत एक म्हातारी दिसली, केस विस्कटलेली, हातात भरतकामाचा रुमाल धरलेली. ती आपणच आहोत हे कळायला त्यांना वेळ लागला. कोपऱ्यात त्या सॉफ्टवेअरची बारकी पेटी उघडी होती आणि तिच्यात बोरिवलीच्या कॉम्प्युटरचं नाव होतं.

दीड वर्ष त्या फक्त पडदा बंद करत होत्या. दिवा मालवला की खोलीतलं माणूस झोपलं, असंच समजत होत्या. कॉम्प्युटर कधी बंदच झाला नव्हता. रुमालाने डोळा झाकला होता, कान उघडाच होता.

त्यांनी पडदा पुन्हा बंद केला, रुमाल घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली जमिनीवर बसल्या. आपल्या घरात आवाज न करता बसायला जागा शोधावी लागते, याचं त्यांना रडू आलं. रडतानाही त्यांनी पदर तोंडात धरला. मग लाज वाटायला लागली. काय काय बोललो आपण देवापुढे. ऋताबद्दल बोललो, पोटाच्या तक्रारींबद्दल बोललो, जयवंतशिवाय अंथरूण कसं गार लागतं तेही बोललो.

आणि मग ते रोजचं मागणं त्यांना आठवलं, आणि लाज मागे पडली.

जयवंत गेला त्या सकाळी त्या मासळी आणायला खाली गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा तो खुर्ची आणि न्हाणीघर यांच्या मध्ये पडलेला. फोन हाताशी होता. त्यावर सुयोगला केलेले तीन फोन होते, आणि तीनही सुयोगने उचलले नव्हते. लताबाईंनी नातेवाईक यायच्या आत ते फोनमधून पुसून टाकले. सुयोगला त्यांनी कधी विचारलं नाही. तोही कधी बोलला नाही. आईला काही माहीत नाही, असं त्याला वाटत असणार, आणि ते तसंच राहू द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. फक्त रोज तिन्हीसांजेला देवाला सांगायच्या, "माझ्या झिलान त्या दिवशी फोन उचलल्यान नाय, त्याचो दोष त्याका लावू नको."

माया म्हणून मागत होत्या. आणि बोरिवलीत बसलेला मुलगा ते रोज ऐकत होता. आईला माहीत आहे, हे त्याला रोज संध्याकाळी नव्याने कळत होतं. त्याने वॉचमनला नंबर का दिला, जिना का बंद केला, रेंज नाही म्हटल्यावर तो थंड का पडला, ते सगळं लताबाईंना ओट्याखाली बसल्या बसल्या उमगलं. आपणच रोज एक गाठ मारत होतो आणि तो ती आपल्याच भोवती आवळत होता.

राग मात्र गेला नाही. राग आणि माया एकाच वेळी येतात तेव्हा माणसाची फार ओढाताण होते.

दुपारी त्या पिशवी घेऊन निघाल्या. वॉचमनने फोन काढला तेव्हा त्याच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "लाव. सांग त्याला, आई कुर्ल्याला एसटीच्या स्टँडवर चाललीय." वॉचमनने फोन खिशात ठेवला. कुर्ल्यात नेहरूनगरच्या एसटी डेपोत रांगेत उभं राहून त्यांनी मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलं. कागदाचं तिकीट. बोरिवलीत बसून ते कोणाला मिटवता येणार नव्हतं.

पण पायाने निघून जाता येतं म्हणून प्रश्न सुटत नाही. गावपळणीला गाव चोरासारखा पळत नाही. कौल घेतो, सगळ्यांची संमती घेतो आणि मग कडी घालतो. सुयोगला न सांगता गेल्या असत्या तर त्या नदीपलीकडेही त्यांचा जीव बोरिवलीतच अडकला असता, आणि त्याचा तर कुठल्याच गावात राहिला नसता. फोनवर सांगून भागणार नव्हतं. फोनवर सुयोग मध्ये बोलायचा, समजवायचा, जेवलीस का विचारायचा.

मध्ये बोलता येत नाही अशी एकच जागा त्या घरात होती.

तिन्हीसांजेला त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या, दिवा लावला. मग रुमाल काढून त्याची घडी केली आणि पडद्याचं बटण दाबलं. गाऱ्हाणं घालायचं तर ऐकणाऱ्याच्या समोर घालावं. चौकटीत दिव्यासह त्यांचा चेहरा उमटला. त्यांनी हात जोडले.

"बा देवा रामेश्वरा, गावच्या धन्या म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज तुझी लेक तुझ्या पायाकडे सांगणा करता..."

"व्हय म्हाराजा."

लताबाईंचे जोडलेले हात सुटले. आवाज पडद्यातून आला होता, सुयोगचा. दचकून आलेला नव्हता, उशिरा आलेला नव्हता. वाक्य संपल्यावर ज्या जागी यायला हवा नेमका त्या जागी आला होता. रोजची सवय असलेल्या माणसाचाच तसा येतो.

स्पीकर पडद्यातच होते. पडदा बंद असला की त्या घराला बोरिवलीचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. वाक्यावाक्यानंतर त्या जी जागा रिकामी सोडत होत्या, ती रिकामी नव्हती. दीड वर्ष रोज तिन्हीसांजेला तो तिकडे बसून "व्हय म्हाराजा" म्हणत होता आणि आईपर्यंत ते पोचत नव्हतं. गुडघ्याच्या मागण्यालाही म्हणत होता. फोन उचलला नाही त्याचा दोष लावू नको, यालाही म्हणत होता.

त्यांना वाटलं, इथेच थांबावं, त्याला हाक मारावी. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत.

"माझ्या घोवान त्या दिवशी झिलाक तीन फोन केल्यान, ता तुका म्हायत आसा म्हाराजा."

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. "व्हय म्हाराजा."

"पयलो फोन केल्यान तेवा मी दारात चपला घालत होतंय. प्रिंटरात कागद अडाकलेलो, ता इचारूक केल्यान. झिलान उचलल्यान नाय. तेवा माझो घोव हासलो आणि माका म्हणालो, कामात आसतलो, असांदे. ह्या मी आजपर्यंत कोणाक सांगलंय नाय, ती माझी चूक. ती पोटात घाल."

पलीकडे काही नव्हतं. बोरिवलीतल्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. लताबाई थांबल्या. उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नसतं. दिव्याची वात त्यांनी एकदा पुढे सारली.

"व्हय म्हाराजा," असं आलं. शब्द ओले होते.

"दुसरो कशाक केल्यान, तिसरो कशाक केल्यान, ता माका म्हायत नाय. झिलाकव म्हायत नाय. ता तुझ्याकडे ठेव. आमच्याकडे ठेवू नको. त्याचो आमका भार झालो."

"व्हय म्हाराजा."

"आता ह्या घराची गावपळण करतंय. उद्या मी कडी घालून भायर पडतलंय. तीन दिस ह्या घरात, ह्या यंत्रात कोणी डोकावूचा नाय. पावलांचो आवाज आयकाक इलो नाय म्हणान भियाचा नाय. चवथ्या दिसा तुझो कौल घेऊन मी माझ्या पायान परत येतलंय. तोपर्यंत माझ्या लेकराक सांभाळ. माका वाट दी म्हाराजा."

एवढं सांगून त्या गप्प राहिल्या.

आवाज आला नाही. लताबाईंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. खाली कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. नाही म्हणणार असेल तर त्याला नियम मोडून म्हणावं लागेल, आणि मोडला तर आपण काय करायचं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं. तिकीट पदराला बांधलेलं होतं. त्याच्यावर त्यांनी मूठ घट्ट केली.

मग पडद्यावरचा बाण हलला.

त्या मागे सरल्या. बाण त्यांच्या चेहऱ्याच्या चौकटीकडे गेला आणि तिच्या मधोमध थांबला, गालाच्या जवळ. तिथे तो बराच वेळ होता. मग वर गेला आणि चौकट मिटली. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझला. पडद्यातून अगदी हळू "व्हय म्हाराजा" असं आलं. बाण कोपऱ्यातल्या त्या बारक्या पेटीकडे गेला, तीही मिटली, आणि बाण जिथे होता तिथेच पडून राहिला. लताबाईंनी माऊसला बोट लावलं. तो आता त्यांच्या हाताने हलत होता.

त्या वळल्या आणि दारापर्यंत गेल्या. दाराला हात लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण मुलाला सोडायला आलो आहोत. दाराबाहेर कोणी नव्हतं. तरी त्या थोडा वेळ तिथे उभ्या राहिल्या, आणि मग आत येऊन त्यांनी कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं.